घोरण्याची टक्केवारी

रात्रपाळीत माझ्यासमोरच्या पडद्यावर एक म्हातारा झोपलेला असतो. डोक्याला तारा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. तो घोरतो आणि मधेच गप्प होतो. छाती-पोट हलतंय, पण हवा आत जात नाही. 10 सेकंदांच्या वर गेलं की मी नोंद करते. मग दचकून एक मोठा श्वास, की पुन्हा घोरणं सुरू. झोपेत श्वास असा थांबण्याच्या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात; तासाला असं 30 वेळा झालं की तो तीव्र समजतात. सकाळी विचारावं तर स्वारी म्हणते, झोप छान झाली.

अमेरिकेतल्या आमच्या स्लीप लॅबमध्ये माजी सैनिक पुष्कळ येतात. व्हिएतनामला गेलेले आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. कित्येकांना स्लीप ॲप्नियाच्या जोडीला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजारही असतो. नुसता ॲप्निया असेल तर श्वास थांबण्याच्या दोन वेळांच्या मधे ऑक्सिजन भरून निघतो. फुफ्फुसंच अधू असली तर तो नीट वर येत नाही, कार्बन डायऑक्साइड साचतो, सकाळी डोकं जड होतं. श्वसनरोगतज्ज्ञ डेव्हिड फ्लेनली यांनी 1985 मध्ये या जोडगोळीला 'ओव्हरलॅप सिंड्रोम' म्हटलं. गंमत अशी, की म्हाताऱ्याला घेऊन येणाऱ्या मुलीची तक्रार बहुधा घोरण्याची नसतेच. बाबा गोळी घेतली की नाही तेच विसरतात, पूर्वी असे नव्हते, हे तिचं म्हणणं.

भारतातून व्हॉट्सॲपवर येणारा वाद वेगळाच. सप्टेंबर 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने अपंगत्व निवृत्तिवेतनाचे नवे नियम आणले, तेव्हापासून माजी सैनिकांच्या गटांत एकच प्रश्न फिरतोय: रक्तदाबासारखा आजार नोकरीमुळे की जीवनशैलीमुळे? भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीमुळेच झाला असं गृहीत धरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या धरमवीर सिंग खटल्यात म्हटलं होतं. मला ते पटतं. सियाचीनच्या बंकरमध्ये रॉकेलच्या काजळीत श्वास घेतलेल्या माणसाला 'तुझी जीवनशैली' असं सुनावायला जीभ तरी कशी रेटते?

पण 'अमेरिकेत बघा' म्हणून मला जे पुरावे मागतात, त्यांना इथला घोळही सांगायला हवा. 2022 च्या 'पॅक्ट' कायद्याने इराक-अफगाणिस्तानात जळत्या कचऱ्याच्या धुरात राहिलेल्यांचा सीओपीडी नोकरीचाच धरला. हे उत्तम झालं. ॲप्निया मात्र त्या यादीत नाही, तो नोकरीमुळे झाला हे सिद्ध करावं लागतं. सिद्ध झालं आणि सीपॅप यंत्राची (मास्कमधून हवा रेटून घसा उघडा ठेवणाऱ्या) गरज ठरली की 50 टक्के अपंगत्व, म्हणजे महिना हजार डॉलरच्या थोडी वर भरपाई. उपचारानंतर किती त्रास उरतो त्यावर टक्के ठरवावेत, असा प्रस्ताव 2022 मध्येच आला आणि गदारोळ उठला. दोन्हीकडे भांडण टक्क्यांचंच. यंत्र मिळालेला माणूस ते रात्री लावतो का, हे त्या आकड्यात कुठेच नाही. आमच्याकडे यंत्राच्या वापराच्या नोंदी बघताना पट्टीच्या पट्टी कोरी निघते.

मास्क लावला की स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा मी करणार नाही. तसा भक्कम पुरावा नाही. पण दिवसाची गुंगी उतरली की निम्मा विसराळूपणा उतरलेला मी पाहिलाय. उलट, झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी, धाप लागते म्हणून रात्री नुसता ऑक्सिजन, ही घरगुती शहाणपणं अशा माणसाला महागात पडू शकतात: गोळीने घसा आणखी सैल पडतो, आणि नुसत्या ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. म्हणून माझं मागणं टक्क्यांच्या आधीचं आहे. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये इनहेलर लिहून देताना आणि 'वयाने विसरतात' असं म्हणण्याआधी झोपेची चौकशी व्हावी. ती रुग्णाकडे करून उपयोग नाही, शेजारी झोपणाऱ्याकडे करावी.

इथले कितीतरी म्हातारे एकटे राहतात, त्यांना साक्षीदार नसतो. आपल्याकडे साक्षीदार असतो. मागच्या महिन्यात आमच्या सुभेदार काकांशी फोनवर बोलले. पेन्शनच्या केसबद्दल अर्धा तास ऐकलं, मग म्हटलं, काकूंना फोन द्या. घोरताना मधेच थांबतात का हो?

"थांबतात की. मी कोपराने ढोसते, मग सुरू होतात. तू कशाला विचारतेस? हे मला कुणी कधी विचारलं नाही."