तीन टनांची गाडी तीन टन उचलते, पण कुठे?

गोडाऊनवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या एकाने वर "भाऊ, तुझं काम सोपं झालं" असंही लिहिलं. थोडक्यात तो असा: फोर्कलिफ्ट घेताना क्षमतेच्या चार्टबिर्टच्या नादी लागू नका. आपलं सगळ्यात जड पॅलेट (माल रचायची फळी, मालासकट) किती किलोचं ते बघा आणि त्याहून मोठ्या टनाची गाडी घ्या. उंची कमी पडली तर मास्ट (फोर्क वर नेणारा पुढचा उभा सांगाडा) बदलून मिळतो. गाडीची मागची बाजू उचलली जायला लागली तर दोन माणसं मागे बसवा. रिच ट्रक (अरुंद गल्लीत चालणारी, माल पुढे सरकवून ठेवणारी गाडी) म्हणजे मोठ्या कंपन्यांचे चोचले. ऑपरेटर हुशार असला की झालं.

मी भिवंडी पट्ट्यात गोडाऊनचे लेआउट आखून देतो. या मेसेजमधलं सगळंच खोटं नाही, आणि म्हणूनच तो पसरतो.

आधी टनाचं. गाडीवर "३ टन" लिहिलेलं असतं, पण त्या आकड्याला एक शेपूट असतं: 500 मिमी लोड सेंटरवर. म्हणजे मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या बाजूपासून अर्ध्या मीटरवर असेल, तरच 3000 किलो. फोर्कलिफ्ट ही चाकांवरची पहार आहे. पुढची चाकं म्हणजे टेकू, एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला गाडीचं स्वतःचं वजन. माल टेकूपासून जितका लांब, तितका तो आहे त्याहून जड.

प्लायवूडवाल्यांना हे चटकन कळतं. 8 बाय 4 चा गठ्ठा लांब बाजूने उचलला तर लोड सेंटर येतं 610 मिमी. तोच गठ्ठा कंटेनरमधून टोकाकडून ओढून काढायचा म्हटलं तर 1220 मिमी. तीन टनांच्या गाडीत पुढच्या चाकांच्या मध्यापासून फोर्कच्या उभ्या बाजूपर्यंत साधारण 480 मिमी धरा. 3000 ला 980 ने (480 अधिक 500) गुणा आणि 1700 ने (480 अधिक 1220) भागा. उत्तर 1730 किलोच्या आसपास येतं. गाडी तीच, डिझेल तेच, ऑपरेटरही तोच, आणि सव्वा टन गायब! नेहमीच्या 1200 बाय 1000 च्या पॅलेटलाही हे लागू आहे. 1200 च्या बाजूने फोर्क घातले तर लोड सेंटर 500, 1000 च्या बाजूने घातले तर 600. रॅकमध्ये पॅलेट कसं बसणार हे आधी ठरवा, टन मग विचारा.

आता उंची, कारण खरी गोची तिथे आहे. "मास्ट बदलून मिळतो" हे खरंय, मिळतो. पण उंच मास्ट लावला की गाडीची क्षमताही बदलते, आणि हे मेसेजमध्ये नाही.

एका गोडाऊनमध्ये जुनी तीन टनी गाडी घेतली होती, तीन टप्प्यांचा मास्ट आणि पुढे साइड शिफ्टर (फोर्क डावीकडे-उजवीकडे सरकवणारा भाग). मालकांनी कौतुकाने दाखवली, नवा पिवळा रंग मारलेली. नेमप्लेटवरही, म्हणजे क्षमता लिहिलेल्या पट्टीवरही, रंग. मी एक रुपयाच्या नाण्याने खरवडली. 6 मीटर उंचीपुढे आकडा निघाला 2100, तोही 500 मिमीला. 600 ला 1900. मालक म्हणाले, "अहो, पण कागदावर तीन टन आहे." कागदावर होतंच. त्यांचं पॅलेट होतं दोन टनांचं, रॅकच्या वरच्या बीमवर (पॅलेट टेकते त्या आडव्या पट्टीवर) जाणारं आणि 1000 च्या बाजूने उचललेलं.

आकडा का घसरतो? मास्ट पुढे फक्त एक अंश कलला तर 6 मीटरवर माल जवळपास 10 सेंटिमीटर पुढे जातो. वजनाने मास्ट थोडा वाकतोही. साइड शिफ्टर स्वतःचं वजन आणतो आणि मालाला पुढे ढकलतो, ते वेगळं. शिवाय जमीन! डाव्या-उजव्या चाकांत मीटरभर अंतर आणि त्यात 5 मिमीचा खड्डा असला तर 6 मीटरवर पॅलेट 30 मिमी बाजूला झुकतं. बाजूला उलटणाऱ्या गाडीपुढे मागचं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) काही करू शकत नाही.

उंची मोजतानाही लोक रॅकचं टोक मोजतात. मोजायचा असतो सगळ्यात वरचा बीम. त्यात पॅलेट उचलून मोकळं करायला 150 ते 200 मिमी मिळवायचे. बीम 4.8 मीटरवर असेल तर फोर्क 5 मीटरला जायलाच हवेत. आणि फोर्क 5 मीटरला असताना मालाच्या मागची जाळी आणखी मीटरभर वर असते, तेव्हा छताखालचे स्प्रिंकलर आणि ट्यूबलाइट आठवा. कंटेनरमध्ये उलटा प्रश्न: 20 फुटी कंटेनरचं दार साधारण 2.28 मीटर उंच. साधा दोन टप्प्यांचा मास्ट आत जातो, पण फोर्क वीतभर वर गेले की मास्टही वर सरकतो आणि छताला भिडतो. आत पॅलेटवर पॅलेट ठेवायचं असेल तर फुल फ्री लिफ्ट (मास्ट वर न सरकता फोर्क उचलणारी सोय) मागून घ्या.

"मग थेट पाच टनी घेऊ" हा मेसेजवाल्यांचा पुढचा डाव. पाच टनी गाडी रिकामीच सात टनांच्या घरात जाते. माल उचलला की त्यातलं बहुतेक वजन पुढच्या ॲक्सलवर येतं. जुन्या गाळ्यांच्या पोटमाळ्यावर ती नेण्याचा विचारही नको.

रिच ट्रकच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे. त्याची चाकं लहान. उखडलेल्या कोब्यावर, यार्डात, ओल्या रॅम्पवर तो निरुपयोगी, तिथे आपली नेहमीची गाडीच बरी. पण गुळगुळीत काँक्रीट असेल तर हिशेब करा. नेहमीच्या गाडीला दोन रॅकांमधली गल्ली 4 मीटर लागते, रिच ट्रकला 2.8 पुरते. पाठीला पाठ लावलेल्या दोन रॅकांची जागा 2.2 मीटर धरली तर 31 मीटर रुंदीत एकीकडे पाच जोड्या बसतात, दुसरीकडे सहा. भाडं स्क्वेअर फुटावर भरणाऱ्याने याला चोचले म्हणावं, याचं मला हसू येतं.

राहिली मागे बसवायची माणसं. इथे प्रामाणिकपणे सांगतो, गणित जुळतं. 70 किलोचे दोघे पुढच्या चाकांपासून 2 मीटर मागे बसले तर पुढे पावणेतीनशे-तीनशे किलो जास्त उचलले जातात. म्हणून तर ही पद्धत मरत नाही. पण त्या दोघांमुळे फोर्क, साखळ्या आणि मास्ट जाड होत नाहीत. फोर्कलिफ्ट वळते मागच्या चाकांवर, त्यामुळे वळताना सगळ्यात जास्त फिरतो तो शेपटीचा भाग, जिथे हे दोघे बसलेले. मागे भिंत असते, रॅकचा खांब असतो.

आणि हुशार ऑपरेटर? त्याला गाडी काय म्हणतेय ते सगळ्यांच्या आधी कळतं. मागची चाकं सुटायला लागली की स्टिअरिंग हातात हलकं होतं. वर सांगितलेल्या पिवळ्या गाडीचा ऑपरेटर त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, वरच्या बीमला ती पिसासारखी फिरते. मी दोनदा सांगितलं, तर सुपरवायझरने हमालांना मागे चढवलं."