माफी देण्याचा अधिकार कोणाचा? ग्वांगजूच्या निमित्ताने

जुलै १९९५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारी वकिलांनी माजी राष्ट्राध्यक्ष चुन दू-ह्वान यांच्यावर खटला भरण्यास नकार दिला. ज्या लष्करी उठावातून नवी राजवट प्रत्यक्षात उभी राहिली आणि टिकली, त्या उठावाचा न्यायनिवाडा करता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ग्वांगजू शहरात पंधरा वर्षांपूर्वी सैनिकांच्या हातून ज्यांची मुले मारली गेली, त्यांना यातून एवढेच कळले की, सत्ता हातात राहिली तर खुनाचा गुन्हाही पुसला जातो. त्यानंतर विद्यार्थी, प्राध्यापक, वकील, धर्मगुरू आणि मृतांचे नातेवाईक रस्त्यावर उतरले. त्याच सुमारास दुसरे माजी राष्ट्राध्यक्ष रो ते-वू यांच्या गुप्त निधीचे प्रकरण बाहेर आले आणि डिसेंबरमध्ये संसदेला विशेष कायदा करून खटल्याची वाट मोकळी करावी लागली. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे, कारण हुकूमशाहीकडून लोकशाहीकडे जाणाऱ्या देशाने जुन्या अत्याचारांचा हिशेब कसा करायचा, याची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा कायदे आणि आयोग आपोआप अवतरतात अशा थाटात ती होते. ग्वांगजूत काहीच आपोआप झाले नाही.

१७ मे १९८० च्या मध्यरात्री, तेव्हा सेनाधिकारी असलेल्या चुन यांच्या लष्करी गटाने मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, देशभर लागू केला आणि दुसऱ्या दिवशी चोन्नाम विद्यापीठाच्या फाटकावर छत्रीधारी सैनिकांनी विद्यार्थ्यांना झोडपायला सुरुवात केली. शहरात शिरल्यावर वाटेत सापडेल त्यालाही त्यांनी सोडले नाही. २१ मे रोजी भर दुपारी प्रांतीय सरकारच्या कार्यालयासमोर जमलेल्या गर्दीवर गोळीबार झाला, लोकांनी पोलीस ठाण्यांतली शस्त्रे उचलली आणि सैन्याला शहराबाहेर हटावे लागले. पुढचे काही दिवस शहर नागरिकांनीच चालवले. बाजारातल्या भाजी-मासळी विकणाऱ्या बायकांनी मोठमोठ्या पातेल्यांत भात शिजवला, त्यात मीठ घालून मुठीएवढे गोळे वळले आणि रस्त्यावर पहारा देणाऱ्या पोरांच्या हातात दिले. रक्तदानासाठी इस्पितळांबाहेर रांगा लागल्या. बाहेरच्या जगाला मात्र कम्युनिस्टांनी भडकवलेली दंगल एवढेच सांगितले गेले. २७ मेच्या पहाटे रणगाडे परत आले. मृतांपैकी अनेकांना कचऱ्याच्या गाड्यांतून मांगवोल-दोंगच्या दफनभूमीत नेण्यात आले आणि नंतर ती दफनभूमीही स्मरणाची जागा होऊ नये म्हणून राजवटीने कुटुंबांवर दबाव आणून, पैसे देऊन, काही कबरी तिथून हलवायला लावल्या. मारण्यापेक्षाही हा भाग मला जास्त अस्वस्थ करतो, कारण त्यात घाई नव्हती, घबराट नव्हती, थंड डोक्याने केलेला विचार होता.

ऑगस्ट १९९६ मध्ये चुन यांना फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती जन्मठेपेवर आली आणि एप्रिल १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय सलोख्याच्या नावाखाली चुन आणि रो या दोघांनाही माफी देऊन सोडण्यात आले. मावळते राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांनी हा निर्णय घेतला आणि नवे निवडून आलेले किम दे-जुंग, ज्यांना चुन यांच्याच राजवटीने फाशी सुनावली होती, त्यांचीही त्याला संमती होती. किम दे-जुंग यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे; स्वतःवरच्या अन्यायापुरती त्यांनी माफी दिली असती तर तो मोठेपणाच ठरला असता. पण ज्यांचा मुलगा कार्यालयासमोरच्या चौकात पडला, त्यांच्या वतीने माफी देण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला नसतो. शिवाय त्या माफीला कबुलीची अटही नव्हती. शिक्षेसोबत ठोठावलेल्या दंडाची प्रचंड रक्कम थकली असताना, आपल्याकडे फक्त २ लाख ९० हजार वॉन शिल्लक आहेत असे चुन यांनी २००३ मध्ये न्यायालयात सांगितले. २०१७ च्या आत्मचरित्रात त्यांनी १९८० मध्ये ग्वांगजूत हेलिकॉप्टरमधून झालेला गोळीबार नाकारला आणि तो डोळ्यांनी पाहिलेल्या एका दिवंगत धर्मगुरूंना खोटारडे ठरवले, तेही तिथल्या चोन्इल इमारतीच्या वरच्या मजल्याच्या भिंतींवर, खांबांवर आणि जमिनीवर गोळ्यांच्या खुणा सापडलेल्या असताना. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते वारले, माफी न मागताच. २१ मेच्या गोळीबाराचा आदेश नेमका कोणी दिला, हे आजही निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

तरीही आशियातल्या पीडितांनी ग्वांगजूकडे पाहावे असे मी म्हणतो, त्याचे कारण न्यायालयाबाहेर घडले. १९९४ मध्ये वाचलेल्या लोकांनी आणि मृतांच्या कुटुंबांनी आपल्या नुकसानभरपाईतला वाटा घालून, इतरांच्या देणग्या जोडून, मे १८ स्मृती प्रतिष्ठान उभे केले आणि २००० पासून ते ग्वांगजू मानवी हक्क पुरस्कार देऊ लागले. पूर्व तिमोरच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते शनाना गुस्माव हे पहिले मानकरी. थायलंडमध्ये बेपत्ता केल्या गेलेल्या वकिलाची पत्नी अंखाना नीलापैजित, १९६५ च्या इंडोनेशियातील हत्याकांडातून वाचलेल्यांना संघटित करणारे बेजो उंतुंग, मणिपूरमध्ये सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध उपोषण करणाऱ्या इरोम शर्मिला आणि छत्तीसगडचे डॉक्टर बिनायक सेन हे त्यानंतरचे काही मानकरी. म्यानमारच्या नेत्या आंग सान स्यू ची यांना २००४ मध्ये दिलेला पुरस्कार रोहिंग्यांवरील अत्याचारांमुळे २०१८ मध्ये परतही घेण्यात आला. पीडितांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेने आपल्याच नायिकेला जाब विचारला, याला मी या पुरस्काराइतकेच महत्त्व देतो.

सीमेपलीकडच्या एकजुटीला केवळ पत्रकबाजी समजणाऱ्यांनी बहारीन या आखाती देशाचे उदाहरण पाहावे. तिथल्या २०११ च्या लोकशाहीवादी आंदोलनानंतर दोन वर्षांत दक्षिण कोरियातून सुमारे १५ लाख अश्रुधुराची नळकांडी बहारीनला गेली होती आणि ती बंद घरांत, अरुंद गल्ल्यांत सोडली जात होती. आणखी मोठी खेप जाणार असल्याचा कागद बहारीनच्या कार्यकर्त्यांच्या हाती लागला, त्यांनी कोरियातल्या संघटनांना गाठले, मोहीम उभी राहिली आणि जानेवारी २०१४ मध्ये कोरियन सरकारला निर्यात थांबवावी लागली. ज्या समाजाने स्वतःच्या रस्त्यांवर अश्रुधूर सोसला होता, त्याला बहारीनची गोष्ट फार समजावून सांगावी लागली नसणार.

आपल्या महाराष्ट्रातला ख्वाजा युनूस हा परभणीचा तरुण अभियंता घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात पकडला गेला आणि जानेवारी २००३ मध्ये पोलीस कोठडीतून नाहीसा झाला. गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. राज्य सीआयडीच्या तपासात १४ पोलिसांवर ठपका आला, पण सरकारने खटल्याची परवानगी फक्त चौघांपुरती दिली. मृतदेह कधीच सापडला नाही, निलंबित झालेल्या चार पोलिसांना २०२० मध्ये सेवेत परत घेण्यात आले, आणि त्याची आई वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिली. बळजबरीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ मध्ये सही केली. तो अजून संमत केलेला नाही. दक्षिण कोरियाने उशिरा का होईना, २०२३ मध्ये तो स्वीकारला.

भारतात लोकशाही आहे, त्यामुळे हा विषय आपल्याला लागू नाही, असे मला अनेकदा ऐकवले जाते. लोकशाही असलेल्या कोरियातही ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांनी मार्शल लॉ जाहीर केला होता. लोक तासाभरात संसदेपाशी जमले, खासदार कुंपणावरून चढून आत गेले आणि १९० विरुद्ध शून्य मतांनी तो रद्द करण्याची मागणी मंजूर झाली. मार्शल लॉमध्ये सैनिक काय करतात, हे त्या लोकांना कुणी नव्याने शिकवले नव्हते. चाळीस वर्षे दर मे महिन्यात मृतांचे फोटो छातीशी धरून उभ्या राहिलेल्या आयांनी ते विसरू दिले नव्हते. आपल्याकडे कोठडीतल्या मृत्यूची बातमी चार दिवस चालते आणि मग ते कुटुंब एकटे उरते. मानवी हक्कांवर काम करणाऱ्या मराठी संस्थांनी निदान महाराष्ट्रातल्या अशा प्रत्येक मृत्यूची नोंद एकत्र ठेवावी, त्यात खटल्याची परवानगी कधी मागितली, कोणी अडवली आणि किती काळ, हेही लिहावे, आणि सुनावणीच्या दिवशी त्या कुटुंबाबरोबर न्यायालयात कोणीतरी जाऊन बसावे. या कामासाठी सरकारच्या परवानगीची गरज नाही. मी माझ्याकडून वेळ आणि पैसे द्यायला तयार आहे; ज्यांना यायचे आहे त्यांनी कळवावे.