ती मॅच इंटर हरली होती

गेले काही दिवस सावंतवाडी-बांदा-वेंगुर्ला पट्ट्यातल्या फुटबॉल ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘टिकी-टाका मेला! 2010 मध्ये मोरिन्होने गोलसमोर बस उभी केली आणि बार्सिलोनाचा खेळ कायमचा संपला. आता मँचेस्टर सिटीसुद्धा लांब मारते. चॅम्पियन टीमची फॉर्मेशन उचला. मुलांना पासिंग शिकवण्यात वेळ घालवू नका, लांब मारायला शिकवा.’ खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘प्रत्येक कोचपर्यंत पोचवा’. पोचला. भाच्याच्या अंडर-14 टीमच्या ग्रुपवर आला आणि सरावातला पासिंगचा अर्धा तास गेला. टिकी-टाका म्हणजे छोट्या छोट्या पासांनी बॉल आपल्याकडेच ठेवायचा, बार्सिलोनाने आणि स्पेनने गाजवलेला खेळ. तेव्हा आता एकेक घेऊच.

आधी ती बस, म्हणजे अख्खी टीम आपल्याच गोलसमोर उभी करून नुसता बचाव करणं. एप्रिल 2010, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, मोरिन्हो कोच असलेली मिलानची इंटर विरुद्ध बार्सिलोना. सगळ्यांना आठवते ती दुसरी मॅच, बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावरची. 28व्या मिनिटाला इंटरच्या थियागो मोत्ताला रेड कार्ड, इंटरचे उरलेले दहा बॉक्सभोवती, एटोसारखा फॉरवर्ड फुलबॅकची, म्हणजे कडेच्या बचाववाल्याची, कामं करतोय. झकास बचाव होता, वाद नाही. पण ती मॅच इंटर 1-0 ने हरली होती! फायनलला गेले ते आठ दिवस आधी मिलानमध्ये 3-1 ने जिंकल्यामुळे. एकूण हिशेब 3-2. आणि मिलानमध्ये बस नव्हती. बार्सिलोनाने पहिला गोल मारला होता. मग इंटरने मधल्या पट्ट्यात बॉल हिसकावायचा आणि बार्सिलोनाचे बॅक वर चढलेले असतानाच त्यांच्या पाठच्या मोकळ्या जागेत घुसायचं, हा सपाटा लावला. स्नायडर, मायकॉन, मिलितो, तीन गोल. यातला मायकॉन राइट बॅक. राइट बॅक समोरच्या बॉक्समध्ये जाऊन गोल मारतो त्याला बस म्हणायचं असेल, तर आपल्या एसटीला विमान म्हणायला हरकत नाही.

‘कायमचा संपला’ हे तर त्याहून भारी. त्याच वर्षी 11 जुलैला स्पेनने वर्ल्ड कप जिंकला, गोल बार्सिलोनाच्या इनिएस्ताचा. 2011 ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलला बार्सिलोनाने लंडनच्या वेम्बलीवर मँचेस्टर युनायटेडला 3-1 हरवलं. 2012 च्या युरो फायनलला स्पेनने इटलीला 4-0. मयताने उठून तीन कप उचलले म्हणायचे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. या खेळावर उतारा सापडला. पण एका रात्रीत नाही आणि एका माणसाला नाही. 2013 ला बायर्नने बार्सिलोनाला दोन मॅचमध्ये मिळून 7-0 ने धुतलं, ते मागे बसून नव्हे. 2018 च्या वर्ल्ड कपला रशियाविरुद्ध स्पेनने हजारांहून अधिक पास केले आणि पेनल्ट्यांवर घरी गेले. 2022 च्या वर्ल्ड कपला मोरोक्कोसमोर पुन्हा तेच. कारण साधं आहे. चार-पाच बॅक, त्यांच्यापुढे आणखी चार-पाच जणांची ओळ, दोन ओळींत दहा-बारा पावलांचं अंतर. आतली वाट बंद झाली की बॉल एका विंगवरून, म्हणजे कडेवरून, मागे, तिथून दुसऱ्या विंगवर, घोड्याच्या नालेसारखा बाहेरूनच फिरत राहतो. कमी होती ती बचावाच्या पाठीमागे धावणाऱ्याची आणि विंगवर एकास एक चकवणाऱ्याची. युरो 2024 ला स्पेनने यमाल आणि निको विल्यम्स असे दोन खरे विंगर दिले. फायनलचा पहिला गोल: यमालचा पास, विल्यम्सचा फटका. म्हणजे पासिंग सोडलं नाही, त्याला टोक काढलं.

सिटी लांब मारते, हेही खरं. का मारते ते मेसेजवाल्याने पाहिलेलं नाही. 2019 ला नियम बदलला आणि गोलकिकचा बॉल बॉक्सबाहेर जाण्याची अट गेली. टीम आपल्याच बॉक्समध्ये छोटा पास घेऊन खेळ उभा करू लागल्या. प्रतिस्पर्धी शिकले: प्रत्येकाला एकेक माणूस चिकटवायचा आणि थेट त्यांच्या दारात जायचं. पण सगळे वर आले की मागे उरतो एकटा बॅक, समोर सिटीचा फॉरवर्ड हालांड. ऑक्टोबर 2022 मध्ये ब्रायटनविरुद्ध गोलकीपर एडरसनने असाच एक लांब बॉल टाकला आणि हालांडने गोल केला. ब्रायटन वर आलं होतं ते सिटी छोटे पास खेळते या धास्तीने. ती धास्ती नसेल तर समोरची टीम आपल्या जागी उभी राहते आणि लांब मारलेला बॉल सरळ त्यांच्या डोक्यावर पडतो.

फॉर्मेशन, म्हणजे मैदानावरची खेळाडूंची मांडणी, उचलण्याबद्दल फार लिहीत नाही. 1953 ला वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला 6-3 मारलं, तेव्हा हंगेरीचा हिदेगकुटी 9 नंबर, म्हणजे सगळ्यात पुढच्या फॉरवर्डचा नंबर, घालून मिडफिल्डमध्ये उतरत होता. इंग्लंडच्या स्टॉपरने, म्हणजे मधल्या बॅकने, त्याच्यामागे जावं तर पाठी भगदाड, न जावं तर तो मोकळा. फॉर्मेशनच्या आकड्यांनी नव्हे, त्या पेचाने मॅच गेली.

आता ज्याचा खरा राग आहे ते. तेरा वर्षांच्या पोराची किक जाते पंचवीस-तीस मीटर. आपली मैदानं जांभ्याची. बॉल टप्पा घेऊन एकतर थेट समोरच्या गोलकीपरकडे, नाहीतर बाजूच्या काजूत. बाहेरून ‘अरे, मार रे फुडे!’ चालूच. पोराच्या पायाला तासाभरात बॉल लागतो किती वेळा, मोजून बघा. त्याऐवजी आठ-दहा पावलांचा चौकोन आखा, बाहेर चार पास करणारे, आत दोन बॉल हिसकावणारे. अंग तिरकं ठेवायचं, बॉल येण्याआधी मान वळवून बघायचं, लांबच्या पायावर घ्यायचा, दोन टचमध्ये द्यायचा. जांभ्यावर बॉल उडतो, म्हणून तळव्याखाली किंवा पायाच्या आतल्या बाजूने मऊ घ्यायला शिकवा आणि बॉलमधली हवा कमी ठेवा. नियमात हवेचा दाब साधारण 8.5 ते 15.6 पीएसआय चालतो. कडक मैदानावर 9 पुरे. दगडासारखा फुगवलेला बॉल कुणाच्याच पायात थांबत नाही. हे बसलं की सहा विरुद्ध सहा खेळवा, बचाववाल्यांना माणसाला माणूस चिकटायला लावा आणि लांब बॉलची मुभा द्या, पण पुढचा फॉरवर्ड एकास एक दिसला तरच.

पावसात मात्र लांब मारा, तिथे मेसेजवाला बरोबर. तेही सगळीकडे नाही. मॅचआधी बूट घालून मैदानभर चाला. तळं बहुधा गोलसमोर आणि मधोमध, कारण तिथलीच माती जास्त तुडवलेली. तिथे जमिनीवरचा पास पाण्यात मरतो. कडेच्या गवतावर बॉल अजून सरकतो. म्हणून गोलकीपरने उचलून कडेला द्यायचा आणि तिथून पुढे जमिनीवरूनच.