स्वतःच्या शेतात तळे खणायला परवानगी कशाला?

निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळ भागापासून फार दूर नसलेल्या शेतात माझ्या चुलतभावाला तळे खणायचे आहे आणि त्याला कुणीतरी हरकत घेतली आहे. त्यावरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो वाद झाला त्यातला सूर असा होता की, शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत पाणी साठवण्यासाठी दुसऱ्याला विचारावे हाच मुळात उफराटा न्याय आहे. एका काकांनी तर आणखी पुढचा मुद्दा काढला. नांदूरमध्यमेश्वर हे नैसर्गिक सरोवर नाहीच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्यामुळे ते तयार झाले आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून गौरवलेही गेले. मग माणसाने अडवलेल्या पाण्याने तिथे पक्षी आले असतील, तर आमच्या तळ्याने काय बिघडणार?

मला या मुद्द्याचा राग आला, कारण तो पहिल्या वाचनात बरोबर वाटतो.

मी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या एका टाउनच्या कॉन्झर्वेशन कमिशनचा, म्हणजे पाणथळ जागांजवळच्या कामांना परवानगी देणाऱ्या स्थानिक समितीचा, बिनपगारी सदस्य आहे आणि योगायोग असा की, त्याच सुमारास आमच्यापुढे एका जमीनमालकाचा तळ्याचाच अर्ज होता. त्याची जागा दलदलीच्या कडेपासून शंभर फुटांच्या आत येत होती, म्हणून नोटीस ऑफ इंटेंट (परवानगीचा रीतसर अर्ज), शेजाऱ्यांना पत्रे आणि जाहीर सुनावणी हे सारे ओघानेच आले. जमीन आजोबांपासूनची आहे आणि मी पाणी काढून घेत नसून वाढवतो आहे, असे तो सुनावणीत म्हणाला. चुलतभावाचे म्हणणे इंग्रजीत ऐकावे तसे ते वाटले.

शनिवारी सकाळी आम्ही जागा पाहायला गेलो. दलदलीची कड दाखवायला सल्लागाराने रोवलेल्या क्रमांकित झेंड्यांच्या ओळीने चालत, मध्येमध्ये ऑगरने, म्हणजे माती काढायच्या हातगिरमिटाने, माती काढून पाहिली; हातभर खाली ती राखाडी होती आणि तिच्यात गंजासारखे ठिपके होते, म्हणजे वर्षातला बराच काळ तिथे पाणी मुरलेले असते. अशा जागी भूजलाच्या पातळीखाली खड्डा खणला की आजूबाजूच्या मातीतले पाणी त्या खड्ड्याकडे झिरपू लागते, उघड्या पृष्ठभागावरून त्याची वाफ होते आणि शेजारची दलदल हळूहळू कोरडी पडू शकते. शिवाय जवळच्या व्हर्नल पूलमध्ये, म्हणजे वसंतात भरणाऱ्या हंगामी डबक्यात, ठिपकेदार सॅलमँडर (बेडकांसारखेच उभयचर) अंडी घालतात ते उन्हाळ्यात तो आटतो म्हणून, कारण आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत. बारमाही तळे शेजारी आले की त्यात मासे सोडले जातात, बुलफ्रॉग येतात आणि अंड्यांचा व पिलांचा फडशा पडतो. अखेर सुनावणी एकदा पुढे ढकलून आम्ही तळे चढाकडे सरकवायला लावले, खोदलेली माती उताराबाहेर नेण्याची अट घातली आणि ऑर्डर ऑफ कंडिशन्स, म्हणजे अटींसह परवानगी, दिली. माणूस चिडला, पण तळे त्याला मिळाले.

काकांच्या बंधाऱ्याचे उत्तरही मातीतच आहे. नांदूरमध्यमेश्वर पक्ष्यांना मानवले ते बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली आणि पाणी ओसरल्यावर चिखल उघडा पडू लागला म्हणून. शेकाट्या, तुतवार अशा चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना खाद्य मिळते ते अशा चिखलात. उभ्या काठांचे, प्लास्टिक अंथरलेले, तीन मीटर खोल शेततळे म्हणजे त्यांच्या दृष्टीने निव्वळ टाकी. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हा पावसाचे वाहून जाणारे पाणी धरण्याची कल्पना चांगलीच होती. पण पुढे ठिकठिकाणी विहिरीचे आणि बोअरचे पाणी उपसून तळी भरली गेली, म्हणजे सगळ्यांच्या भूगर्भातले पाणी एकाच्या तळ्यात आले. त्यावर ग्रुपवर कुणी बोलत नाही. कागदावर तर आपला नियम इथल्यापेक्षा कडक आहे: 2017 चे पाणथळ नियम रामसर स्थळांना लागू आहेत आणि सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्के बांधकाम करू देत नाहीत, तर माझे शंभर फूट जेमतेम तीस मीटर भरतात आणि तिथेही सरसकट मनाई नाही. पन्नास मीटर मोजायला ऑगर घेऊन शेतात कोण जातो, हा माझा प्रश्न होता. तो मी जरा चढ्या आवाजात विचारला, हे खरे.

चुलतभावाने एवढेच लिहिले, “तुझ्या नळाला उन्हाळ्यात पाणी असतं ना?” त्याच्या द्राक्षबागेला एप्रिलमध्ये पाणी कमी पडते तेव्हा मी इथे लॉनवर स्प्रिंकलर लावायचा की नाही याचा विचार करत असतो, हे त्याला ठाऊक आहे. मी ग्रुपवर जे लिहिले नाही तेही इथे सांगायला हवे. अमेरिकेच्या क्लीन वॉटर ॲक्ट या केंद्रीय कायद्यात शेततळ्यांना काही अटींवर परवानगीतून सूट आहे आणि आमच्या राज्याच्या कायद्यातही शेतीच्या नेहमीच्या कामांना सवलत आहे. आमचा अर्जदार शेतकरी नव्हता, त्याला अंगणातून दिसणारे पाणी हवे होते. ज्या बॉस्टनचे दाखले मी देतो, त्याची बॅक बे ही वस्तीच खाडीत भराव टाकून उभी राहिली, आणि 1780 ते 1980 या दोनशे वर्षांत अमेरिकेच्या सलग 48 राज्यांनी आपल्या निम्म्याहून अधिक पाणथळ जमिनी गमावल्या. सारे बुजवून झाल्यावर आलेल्या शहाणपणाच्या जोरावर मी निफाडला धडे देत होतो.

तरीही माझा आग्रह सुटत नाही आणि त्यामागे केवळ पक्षी नाहीत. त्या शेताच्या सातबाऱ्यावर माझेही नाव आहे, पण तिथे एक प्रश्न विचारला तरी मी ‘अमेरिकावाला’ ठरतो; इथे मात्र उच्चारावरून लोक मान वर करून पाहतात, तरी माझ्या प्रश्नाला अर्जदाराला उत्तर द्यावेच लागते आणि ते इतिवृत्तात नोंदले जाते. हे सुख मला आवडते, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून दोनच गोष्टी विचारून मी ग्रुपवर थांबलो: वैशाखात चाचणीचा खड्डा घेतला तर पाणी किती खाली लागते, आणि खणलेली माती कुठे टाकणार? पहिल्याचे उत्तर चुलतभावाने फुटांत दिले. दुसऱ्यावर काकांनी लिहिले की माती आपलीच आहे, कुठेही टाकू.