रिपोर्ट येईपर्यंत स्टेरॉइड थांबवायचं? का म्हणून?

काल रात्री आतेबहिणीचा मेसेज आला, "दादा, हे वाच. उद्यापासून स्टेरॉइड नको सांगू का?" तिची 19 वर्षांची लेक वॉर्डात आहे. खाली तो सगळीकडे फिरणारा फॉरवर्ड: ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटून त्याला आलेली सूज) अँटीबॉडीच्या, म्हणजे मेंदूवर उलटलेल्या प्रथिनांच्या, रिपोर्टशिवाय ठरतच नाही, रिपोर्टआधी स्टेरॉइड म्हणजे पेशंटवर प्रयोग, एमआरआय नॉर्मल तर आजार मनाचा, आणि छोट्या हॉस्पिटलात यावर काही होत नाही.

'प्रयोग' वाचून डोकंच फिरलं. ही पोर तीन आठवड्यांपूर्वी झोपेनाशी झाली, मग भलतंसलतं बोलायला लागली, मग फिट आली. आता तोंड सारखं चघळल्यासारखं हलतं आणि हात उचलून सोडला तर तिथेच अधांतरी राहतो. पाठीच्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढल्यात. आणखी कशाची वाट बघायची?

2016 साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त ग्राउस आणि सहकाऱ्यांनी निदानाचे निकष मांडले, ते नेमके यासाठीच. अँटीबॉडीची तपासणी सगळीकडे होत नाही, झाली तरी रिपोर्टला वेळ लागतो, म्हणून उपचार अडू नयेत. तीन महिन्यांच्या आत बिघडलेली स्मरणशक्ती, शुद्ध किंवा वागणं, सोबत नव्याने आलेली फिट किंवा पाण्यात पाचापेक्षा जास्त पेशी अशी एक तरी खूण, आणि बाकीची कारणं तपासून बाजूला काढलेली. एवढ्यावर संशय पक्का धरता येतो. पेशी मोजायला साधा मायक्रोस्कोप पुरतो.

एक अर्धसत्य आहे, तेवढं देऊन टाकतो. डोळे झाकून स्टेरॉइड देऊ नये. आधी संसर्ग बघायचा. हर्पिस विषाणूची शंका असेल तर त्यावरचं औषध असायक्लोव्हिर लगेच सुरू, आणि टीबीचा मेंदूज्वर डोक्यात ठेवायचा. हिच्या डॉक्टरांनी हे सगळं केलंय.

एमआरआयचं म्हणाल तर या आजाराच्या एनएमडीए प्रकारात (यात अँटीबॉडी मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर उलटतात) तो कितीतरी जणांचा नॉर्मलच येतो. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, बहुधा बिघडलेला सापडतो. छोट्या हॉस्पिटलचं? आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीचं सलाइन) महाग, रक्तातला प्लाझ्मा बदलायला मशीन लागतं, मान्य. पण मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 1 ग्रॅम, तीन ते पाच दिवस, सलाइनमधून देता येतं.

बहिणीला लिहिलं, "स्टेरॉइड चालू राहू दे. अँटीबॉडीसाठी नुसतं रक्त नको, पाठीचं पाणीही पाठवलंय ना, विचार. एनएमडीएत रक्त कधी कधी फसवतं. आणि हा आजार चेतवणारी गाठ अंडाशयात आहे का, त्याची सोनोग्राफी झाली का?"