चूक पात्राची, पटकथेची नाही!

पुन्हा तेच! काल दादरहून बोरिवली फास्ट पकडली आणि आमच्या ग्रुपचं दारातच सुरू झालं: मार्व्हलच्या 'इन्फिनिटी वॉर' सिनेमात नायक थॉरने कुऱ्हाड खलनायक थॅनोसच्या छातीत का मारली, डोक्यात का नाही? "लेखकांना अक्कलच नाही!"

अरे, थॅनोस स्वतःच म्हणतो ना तिथे, डोक्यावर मारायला हवं होतंस म्हणून! म्हणजे लेखकांना पक्कं ठाऊक होतं. थॅनोसच्या हातून थॉरचा भाऊ डोळ्यांदेखत मेलाय, सूडाने पेटलेला माणूस हिशेब करून वार करतो का? 2019च्या पुढच्या भागात, 'एंडगेम'मध्ये, थॉर त्याचं डोकं उडवतो, पण तोवर उशीर झालेला असतो, थॅनोसने अर्धी सृष्टी संपवलेली असते. थॉर मुकाट्याने बाहेर चालू लागतो तेव्हा माझ्या घशाशी आवंढा आला होता.

'इन्फिनिटी वॉर'मधल्याच दुसऱ्या नायकाचं, पीटर क्विलचंही तेच. थॅनोसच्या हातून आपली प्रेयसी गमोरा गेली हे कळल्यावर तो थॅनोसला बडवत सुटतो, त्याला रोखायचा हातचा डाव जातो. याला 'प्लॉट होल' (कथेतली फट) म्हणतात? घरचं माणूस गेल्यावर कोण शहाण्यासारखं वागतं?

'एंडगेम'मधल्या काळप्रवासाच्या नियमांवर खुशाल भांडा. शेवटी म्हातारा होऊन दिसणारा स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) नक्की कुठल्या काळरेषेत जगला, याबद्दल लेखक-दिग्दर्शकांचंही एकमत नव्हतं. पण नाही. अंधेरी गेलं तरी यांचं आपलं एकच, "डोक्यात का नाही मारली?"