पाल्याला शिकू न देता सुशिक्षित कसे करावे

पालकहो, आपल्या घरी पाळणा हलला आणि बारशाचे लाडू वाटून होण्याआधीच आपण शाळांच्या प्रवेशअर्जांची चौकशी सुरू केलीत, याबद्दल आपले प्रथम अभिनंदन. या धांदलीत शिक्षणाचा समाजातील हेतू काय, असा प्रश्न आपल्याला एकदाही पडला नाही, ही तर त्याहून अभिनंदनीय गोष्ट आहे. हा प्रश्न ज्यांना पडला त्यांचे फारसे बरे झालेले दिसत नाही. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या दांपत्याला तो पडला होता. त्यापायी नवऱ्याला वडिलांचे घर सोडावे लागले आणि बायकोच्या अंगावर शाळेच्या वाटेवर शेण पडले. आपल्या पाल्यावर असा प्रसंग येऊ नये असे वाटत असेल, तर सावित्रीबाईंची आणि जोतीरावांची तसबीर दिवाणखान्यात उंचावर लावावी, तिला वर्षातून दोनदा हार घालावा आणि मुलाचा हात तिथपर्यंत पोहोचणार नाही याची काळजी घ्यावी.

समाजाने या प्रश्नाचे उत्तर आता अनुभवाने शोधून काढले आहे. शिक्षण म्हणजे चाळणी. कोण वर राहिला आणि कोण खाली पडला, एवढे तिने सांगितले की तिचे काम संपले. धान्य दळले गेले की नाही, हे चाळणीला विचारायचे नसते. म्हणून मुलाच्या मनात येणाऱ्या शेकडो प्रश्नांपैकी एकाच प्रश्नाला घरात मोकळीक असावी, तो म्हणजे “हे परीक्षेला येणार आहे का?” उत्तर होकारार्थी आले तर पाठ करावे, नकारार्थी आले तर विसरावे. आकाश निळे का दिसते असे मुलाने विचारले, तर त्याला रागावू नये. त्याचे इयत्तेचे पुस्तक उघडून तो धडा अभ्यासक्रमात नाही एवढे प्रेमाने दाखवून द्यावे. असे दोन-चार वेळा झाले की मूल आपोआप समंजस होते.

शाळा निवडताना शुल्क हा एकमेव निकष ठेवावा, कारण तो आकड्यात असल्यामुळे तुलनेला सोपा जातो. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू असून त्यात मुलाची किंवा पालकांची चाचणी घेऊन प्रवेश देण्यास मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला ५० हजार रुपये दंडाची तरतूदही आहे. त्यामुळे शाळेने आपल्याला साडेतीन वर्षांच्या मुलासह बोलावले, तर ती मुलाखत आहे असे समजू नये, तो ‘संवाद’ असतो. या संवादात मुलाला रंग, प्राणी आणि इंग्रजी महिने विचारतात आणि आपल्याला नोकरी, गाडी आणि राहते घर विचारतात. देणग्यांच्या बाबतीतही असाच विवेक ठेवावा. प्रवेशासाठी देणगी घेण्यास आपल्या राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, म्हणूनच तर तिला इमारत निधी म्हणतात. पावती मागणाऱ्या पालकाविषयी शाळेचे मत वाईट होते, आणि ते योग्यच आहे.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि जो बाप मूल शाळेत धाडणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. शिक्षणाविषयीची आपली जागृती तेव्हापासून किती वाढली ते पाहा: आता मूल शाळेत धाडल्याबद्दल आपण वर्षाकाठी लाखभर रुपये दंड भरतो, हप्त्यांनी भरतो आणि उशीर झाल्यास त्यावर विलंबशुल्कही भरतो.

शिक्षण हक्क कायद्यातली एक अडचण मात्र आपल्याला आधीच सांगून ठेवायला हवी. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असतात, म्हणजे आपण एवढे शुल्क भरूनही आपल्या पाल्याच्या शेजारच्या बाकावर आपल्याच इमारतीच्या वॉचमनचा मुलगा बसू शकतो. चाळणीला भोक पडावे तसा हा प्रकार आहे. राज्य सरकारला आपले दुःख कळले होते; एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून मोकळे करणारा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. पण उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. यात नवे काही नाही म्हणा. रयतेकडून वसूल केलेला पैसा सरकार वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळते आणि खेड्यातल्या पोराला अक्षरओळखही होत नाही, अशी तक्रार जोतीरावांनी १८८२ सालीच शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे लेखी मांडली होती. सव्वाशेहून अधिक वर्षे पडून राहिलेला अर्ज आपल्याच पाल्याच्या वर्गात निकाली निघावा, याला दुर्दैव म्हणावे, दुसरे काय?

हाताने काम करण्याच्या बाबतीत विशेष जपावे. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याला परिषद भरवून शिक्षण हस्तोद्योगाभोवती गुंफण्याची कल्पना मांडली, आणि त्याच्याही आधी, १९१९ साली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढून शिकता शिकता राबणारी पोरे तयार केली. या दोघांविषयी निबंध पाठ करून घ्यावा. त्यातली कामाची बाजू आपल्याकडे कार्यानुभव या विषयात आली असून तिची व्यवस्था कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात होते. तिथे थर्माकोलचा किल्ला, पवनचक्की आणि पाणलोट क्षेत्र तयार मिळते. ते बनवतो त्या दुकानात काम करणारा मुलगा, ज्याची शाळा सातवीत सुटली. गुण मिळतात आपल्या मुलाला आणि कार्यानुभव मिळतो त्याला, अशी ही न्याय्य वाटणी आहे.

शिक्षकांची चिंता करण्याचे कारण नाही, कारण त्यांना वर्गापासून दूर ठेवण्याची जबाबदारी समाजाने एकदिलाने उचलली आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी तीनच कामे कायद्याने त्यांना सांगता येतात, पण कायद्याला सर्वेक्षण, अभियान, फोटो आणि तातडीने मागवलेली ऑनलाइन माहिती ठाऊक नव्हती. नव्याने लागलेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना सोळा हजार रुपये मानधन मिळते, तेही २०२३ साली वाढवल्यानंतर. आपण नर्सरीसाठी भरतो त्या रकमेशी त्याची तुलना करून पाहिल्यास समाजाने शिक्षणाच्या हेतूविषयी काय ठरवले आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आता खऱ्या विषयाकडे, म्हणजे अकरावी-बारावीकडे वळू. दहावीपर्यंत काही धोका राहिलेला नसतो. सहा विषयांपैकी चांगल्या पाचांचीच टक्केवारी धरण्याची सोय २०१० पासून आहे आणि सहावा विषय, जो बहुधा गणित तरी असतो नाहीतर मराठी तरी, सन्मानाने सोडून देता येतो. खरी कसोटी त्यानंतर लागते, कारण याच वयात मुलाला एखादे पुस्तक सापडण्याची, एखाद्या प्रयोगाची गोडी लागण्याची किंवा एखाद्या मित्राशी वाद घालता घालता स्वतःचे मत बनण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. ही शक्यता टाळण्यासाठी ‘इंटिग्रेटेड’ ही व्यवस्था निघाली आहे. मुलाचे नाव कनिष्ठ महाविद्यालयात असते आणि मूल क्लासमध्ये असते. महाविद्यालयाला पटसंख्या मिळते, क्लासला शुल्क मिळते, आपल्याला मनःशांती मिळते, आणि महाविद्यालयाच्या वाचनालयातली पुस्तके नवीकोरी राहतात. कोणी दूरच्या तालुक्यात नुसते नाव नोंदवून मुलाला कोट्याला किंवा लातूरला ठेवतात. त्याला ‘डमी’ म्हणतात आणि हा शब्द मुलाला लागू आहे की महाविद्यालयाला, हे मुद्दाम संदिग्ध ठेवलेले आहे. सरकारने मध्यंतरी बोटाच्या ठशाने हजेरी घेण्याचे फर्मानही काढले होते. अंगठे ही आपल्याकडे एकलव्यापासून गुरुदक्षिणेची वस्तू असल्याने त्याची कोणाला फारशी अडचण झाली नाही.

याला कोणी फसवणूक म्हणेल, तर त्यास नम्रपणे हिशेब दाखवावा. वैद्यकीय प्रवेश ‘नीट’च्या ७२० गुणांवर ठरतो आणि बारावीला खुल्या गटाला विज्ञानाच्या विषयांत एकूण ५० टक्के पुरतात, मग उरलेले ५० टक्के शिकणे ही उधळपट्टी झाली. भौतिकशास्त्राच्या शंभरपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात, ते जर्नलच्या जोरावर मिळतात आणि जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवता येते, त्यामुळे लंबक हलवून पाहण्याचा मोह आवरावा. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलेल्याला वजा एक. म्हणजे शंका आल्यास गप्प बसावे, हा नागरिकशास्त्राचा सगळ्यांत मोठा धडाही मुलाला जीवशास्त्राबरोबर फुकट मिळतो. २०२४ साली तर पहिल्या निकालात तब्बल ६७ मुले पैकीच्या पैकी गुण मिळवून पहिली आली. पुढे वाढीव गुण काढून घेतले, उत्तरसूची बदलली आणि ६७ ची १७ झाली, पण तोवर अनेक क्लासचे फलक रंगवून झाले होते, आणि फलक खाली उतरवण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

वैद्यकीय जमले नाही तर अभियांत्रिकी आहेच. १९८३ साली राज्याने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिल्यापासून माळरानावरही अभियंते पिकू लागले, आणि साखरेत न मुरलेले कितीतरी नेते शिक्षणात मुरले. मुलाला कशात गती आहे हे पाहू नये. जागा कुठे रिकामी आहे ते पाहावे.

इथपर्यंत सर्व सूचना पाळल्या असतील, तर बाविसाव्या वर्षी आपला पाल्य हाती पदवी घेऊन घरी येईल आणि दुसऱ्याच दिवशी सरकारी भरतीचा अर्ज भरायला बसेल. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले आणि खुल्या गटाला त्या अर्जाचे शुल्क एक हजार रुपये होते. शिक्षणाने समाजाची प्रगती होत नाही असे म्हणणाऱ्यांनी निदान हा महसूल तरी विचारात घ्यावा. पाल्याला गावाकडे आजोबांच्या घरी अभ्यासाला पाठवावे, तिथे शांतता असते. दोन-तीन महिन्यांत त्याचे प्रश्नसंच तोंडपाठ होतील, महसुलाचे नमुने, कलमे, सगळे काही.

एखाद्या दुपारी आजोबा सातबाऱ्याचा उतारा घेऊन त्याच्याजवळ येतील. शेजारच्याने बांध कोरला आहे, मोजणी यायची आहे, आणि उताऱ्यावर पोटखराब्याखाली वीस गुंठे कसे लागले, हे त्यांना कळत नसेल. एवढा शिकलेला नातू घरात असताना सेतू केंद्रात जाऊन परक्याला कशाला विचारायचे, असे त्यांना वाटेल. ते चष्मा पुसतील आणि म्हणतील, “बाळा, हे पोटखराबा म्हणजे काय रे, आणि आपल्या कुठल्या तुकड्याला लागलाय?” आपला पाल्य वहीतून मान वर करील, एक क्षणही न दवडता विचारील, “पर्याय कोणते आहेत?” आणि आजोबांना चार पर्याय सुचणार नाहीत.